खळ, कामट्या आणि कार्डं

बायंडिंगच्या दुकानात कातरणं कोणी साठवत नाही. ती आपोआप साठतात. दिवसभर वह्यांचे काठ कापायचे आणि संध्याकाळी खाली बघावं, तर घोट्यापर्यंत कागद! किश्श्यांचंही तसंच आहे. मी काही मुद्दाम लक्षात ठेवायला गेलो नव्हतो. मुळात मी बोलणारा माणूस नव्हे. चार माणसांत कोणी नाव विचारलं तरी मी आधी घाम पुसतो. पण आमच्या वखारीतल्या म्हाताऱ्यांचा विषय निघाला की लोक म्हणतात, "सदू, तो खळीचा किस्सा सांग!" मग मी सांगतो. लोक हसतात. थोड्या वेळानं हसायचे थांबतात.

आधी वखारीबद्दल सांगतो. रत्नागिरीच्या बंदराकडे जो रस्ता उतरतो, त्यावर आमच्या मालकांचं दुकान. मागे एक कौलारू वखार, रिकामी पडलेली. मी चौथीत शाळा सोडून या दुकानात लागलो, तो इथेच वाढलो. मला तिसरीला शिकवणारे अण्णा मास्तर पेन्शनीत निघाले आणि एक दिवस दुकानात येऊन म्हणाले, "सदू, तुझ्याकडे कागद वाया जातो आणि गावात म्हातारी माणसं वाया जातात. दोन्ही एके ठिकाणी आणू या."

त्यांच्या मनात असं होतं, की ज्यांची मुलं मुंबईला आणि घरात दुसरं कोणी नाही, अशांनी दुपारी वखारीत जमायचं. सणाच्या वस्तू आपल्या हातांनी करायच्या. गणपतीला मखर, गौरीला कागदाची फुलं, दिवाळीला आकाशकंदील. विकत काही आणायचं नाही. कागद दुकानातला, कामट्या कोणाच्याही बेटातल्या बांबूच्या, चिकटवायला पिठाची खळ.

"पण शिकवणार कोण?" मी विचारलं.

"तू."

ज्यांनी माझ्या हातावर छड्या मारल्या, त्यांना मी शिकवायचं! पहिल्या दिवशी मी कंदिलाकडे बघून बोललो. माणसांकडे बघायची हिंमत झाली नाही. अण्णा मागून म्हणाले, "मोठ्यानं बोल रे! तुझा कंदील बहिरा नाही, आम्ही आहोत."

* * *

पहिल्या दिवाळीला पाचसहा जण जमले. त्यात तात्या शिंपी होते आणि दाऊदचाचा होते. जन्मभर गलबतांवर खलाशी. तिघे मुलगे आगबोटींवर, कुठल्या बंदरात आहेत ते अल्लाला ठाऊक. सण आपला नाही, तरी ते रोज सगळ्यांच्या आधी येत. "घरात भिंतीशी किती बोलणार?" म्हणत.

कंदिलाच्या कामट्या जिथे मिळतात तिथे दोऱ्यानं बांधायच्या. मी साधी गाठ दाखवली. चाचांनी ती बघितली आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. मग स्वतःची गाठ मारली. तशी गाठ मी आजवर दुसरीकडे पाहिली नाही. ओढाल तितकी आवळते, आणि सोडवायची असली तर सुरीच पाहिजे.

त्यांचा कंदील तयार झाला तेव्हा दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढून पाहिला. कामटी मोडली, गाठ नाही सुटली.

तात्या शिंपी म्हणाले, "चाचा, हा टांगायचा आहे की यात बसून एडनला जायचं आहे?"

चाचा शांतपणे म्हणाले, "मी बांधलेलं काही सुटत नाही. माझी पोरं तेवढी सुटली."

* * *

सोनूकाकीचं सांगायला हवं. आतल्या गावची, शेतकऱ्याघरची बाई. नवरा गेल्यावर गावातली जमीन भावकीकडे गेली आणि ती बंदराजवळ एका खोलीत राहायला आली. बंदराजवळ अशासाठी, की मुलगा मुंबईहून बोटीनं आला तर आधी तिला दिसावा. मुलाचं नाव विश्राम. गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. अकरा वर्षं झाली, आला नव्हता.

काकीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पुरा उतरला होता आणि दुसऱ्यात उतरत होता. तिचं एकच म्हणणं, डोळे आहेत तोवर त्यानं येऊन तोंड दाखवावं. मग डोळे गेले तरी चालतील.

तिनं पहिला कंदील केला तो हातानं चाचपून. केला चांगला! माझ्यापेक्षा काठ सरळ. पुरा झाल्यावर मला म्हणाली, "सदू, ह्यो किती लांबसून दिसंल रं?"

मी म्हटलं, "रस्त्याच्या टोकापर्यंत दिसेल काकी."

"बोटीवरनं?"

बोट तर खडकांपासून लांब उभी राहते, माणसं होडीतून आणतात.

"मग मोठा करूक व्हवा," ती म्हणाली आणि केलेला कंदील तिनं परत उसवायला घेतला. त्याला चाचांच्या गाठी होत्या. शेवटी तिनं तो तसाच ठेवला आणि दुसरा, मोठा, सुरू केला.

* * *

आता तो खळीचा किस्सा.

खळ म्हणजे गव्हाचं पीठ पाण्यात शिजवून केलेला चीक. दुकानात मी त्यात मोरचूद टाकतो, म्हणजे वहीला कीड लागत नाही. वखारीसाठी मात्र टाकत नसे, म्हाताऱ्यांचे हात तोंडाला लागतात म्हणून. सकाळी मातीचा एक गडगा भरून शिजवायचा, झाकून ठेवायचा, दुपारी वाटायचा.

चारपाच दिवस पाहतो तर गडगा दुपारपर्यंत अर्धा! मला वाटलं मांजर. मी झाकणावर दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी दगड बाजूला नीट ठेवलेला. मांजर काही दगड उचलून ठेवत नाही.

तिसऱ्या दिवशी मी दुपारचा लवकर मागच्या दारानं आलो. तात्या शिंपी गडग्यापाशी बसले होते. बोटांनी खळ खात होते. घाईनं नाही, अगदी पंक्तीत बसल्यासारखे, मांडी घालून. तात्यांचे डोळे शिवणावर चालेनासे झाल्यापासून कोणी काम देत नव्हतं, हे आम्हांला ठाऊक होतं. घरी चूल पेटत नाही, हे ठाऊक नव्हतं.

त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. लाज कोणाला जास्त वाटली सांगता येणार नाही. मी भिंतीकडे वळलो आणि कामट्या मोजल्यासारखं करू लागलो.

तात्यांनी बोटं पुसली, झाकण लावलं, त्यावर दगड ठेवला आणि म्हणाले, "सदू, उद्यापासून खळीत जरा मीठ घालत जा. कागद चांगला चिकटतो."

त्या दिवसापासून आमच्या खळीत मीठ असतं. गडगाही दोन शिजवतो.

* * *

अण्णा मास्तरांकडे आणखी एक काम होतं. सगळ्यांची पत्रं लिहायची आणि आलेली वाचून दाखवायची. काकी सांगे ते नेहमी तेच. "डोळं हायत तवर येऊन जा म्हनावं. आनि पायाला तेल लाव म्हनावं, दिस सारा उभा ऱ्हातो सांच्यापाशी, ल्हानपनापास्नं पाय सुजतात त्याचे."

आणि विश्रामचं कार्ड आलं की वखारीत सगळी कामं थांबत. अण्णा चष्मा पुसत, आधी कार्डावर एक नजर फिरवत आणि मग वाचत. काय वाचत! "तीर्थस्वरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. आई, तुझी फार आठवण येते. इथे भात मिळतो पण तुझ्या हातची चव नाही. पायाला तेल लावतो. पुढल्या साली नक्की येतो..." काकी डोळे मिटून ऐके. तात्यांना हुंदका येई. दाऊदचाचा म्हणत, "लडका हो तो ऐसा!"

मला या कलेचं फार कौतुक. मला मनातल्या मनात वाचताच येत नाही. चौथीपर्यंतच शाळा. अक्षर दिसलं की तोंडातून निघतं. अण्णा मला नेहमी बोलत, "पत्र आधी मनात वाचायचं, सदू. मग तोंड उघडायचं. कळलं?"

मी म्हणे, "कळलं." मला वाटे, ते उच्चार सुधारायला सांगताहेत.

* * *

आता कार्डाचा किस्सा. हा तर गावभर झाला.

कंदिलाच्या सांध्यावर कागद फाटतो, म्हणून आतून जाड कागदाचा तिकोनी तुकडा लावायचा. जाड कागद कुठला? जुनी पोस्टकार्डं. सगळ्यांनी घरची आणली आणि तात्या कातर घेऊन बसले. कार्डाचा कोपरा कापायचा की झाला तिकोन! दिवसभर कापत होते. त्या ढिगात अण्णांची दोन कोरी कार्डंही गेली.

तात्या जातीचे शिंपी. चिंधी वाया गेली तरी जेवण जात नसे. कोरं कार्ड, नुसता एक कोपरा गेलेला. टाकायचं कशाला? त्यांनी त्यावर मुंबईला मुलाला, बाबलला, पत्र लिहिलं. "सर्व खुशाल. दिवाळीस जमल्यास यावे." आणि टाकलं पेटीत!

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे माणूस गेल्याची खबर, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ते घरात आणत नाहीत, नीट वाचतसुद्धा नाहीत, बाहेरच्या बाहेर फाडून टाकतात. हे आम्हांला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दिवसभर बिनकोपऱ्याची कार्डं बघून आमच्या डोळ्यांना ती पुरीच दिसायला लागली होती.

मुंबईला बाबलच्या खोलीवर पोस्टमन आला. सोबत राहणाऱ्यांनी पत्ता बघितला, कोपरा बघितला आणि कार्ड जिन्यावरच फाडलं. बाबलला बापाशिवाय कोणी नव्हतं. वाचायचं राहिलं काय?

चौथ्या दिवशी दुपारी बाबल वखारीच्या दारात उभा. डोकं उतरवलेलं, मिशी उतरवलेली, पायात वहाण नाही. घराला कुलूप पाहून कोणीतरी त्याला इकडे पाठवला होता. तो दारातून ओरडला, "मास्तर, माझ्या बापाला कोणी अग्नी दिलान?"

तात्या कोपऱ्यात कंदिलाला झिरमिळ्या लावत होते. तात्यांनी मुलाकडे बघितलं, त्याच्या डोक्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं.

"चूक झाली रे पोरा," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला नीट मरेन."

बाबल मटकन खाली बसला आणि बापाच्या मांडीवर बोडकं डोकं ठेवून रडला. भाऊबिजेपर्यंत राहिला. तात्यांच्या घरी चार दिवस चूल पेटली. जाताना डब्यात तांदूळ भरून गेला, आणि त्यानंतर दर महिन्याला त्याचं कार्ड येतं. वर पहिली ओळ ठरलेली असते. "चारी कोपरे शाबूत आहेत, पाहून घ्यावे."

सगळे हसत होते. सोनूकाकी हसली नाही. दोन दिवसांनी ती तात्यांच्या शेजारी सरकून बसली आणि हळूच विचारलं, "तात्या, किती कापला व्हतास हो कोपरा?"

* * *

पुढल्या पावसाळ्यात अण्णा मास्तर गेले. तापाचं निमित्त झालं. गौरीची फुलं अर्धी झाली होती. ती त्यांच्यावरच घातली. खरी फुलं त्या पावसात मिळाली नाहीत.

तिरडी बांधायला तात्या आणि मी. दाऊदचाचा छत्री धरून बाजूला उभे होते, आमच्या हातांकडे बघत. स्मशानात उतरल्यावर दोऱ्या सोडायची वेळ आली तर एकही गाठ सुटेना! आमच्या हातांना दुसरी गाठ येतच नव्हती. सगळ्या चाचांच्या! पाऊस कोसळतोय, भटजी चिडलेले, माणसं गाठींशी झटताहेत.

"कोणी बांधलीय ही?" भटजी ओरडले.

मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "राहू दे हो भटजी. पेन्शन मिळाल्यापासून मास्तरांना कोणी इतकं धरून ठेवलं नव्हतं."

शेवटी माझ्या खिशातली पुठ्ठे कापायची सुरी निघाली.

* * *

अण्णांनंतर पत्रं माझ्याकडे आली. दुसरं कोण होतं? विश्रामचं पहिलं कार्ड आलं. काकी समोर बसली, डोळे मिटून. मी कार्ड धरलं आणि वाचलं, "आईस नमस्कार. कार्ड पोचलं. सध्या जमत नाही. विश्राम."

मी कार्ड उलटं करून पाहिलं. मागे पत्ता.

"फुडं?" काकी म्हणाली.

"एवढंच आहे काकी."

पुढल्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढल्या महिन्यात कार्डच नाही. मी तिच्या पेटीतली जुनी कार्डं काढायला लावली. तिला म्हटलं, नीट लावून ठेवतो. दुकानात नेऊन सगळी वाचली. दोन ओळी, तीन ओळी. भात नाही, तेल नाही, आठवण नाही. दोन वर्षं अण्णा दोन ओळींचं कार्ड हातात धरून पान पान वाचत होते!

मलाही तसं करता आलं असतं. मी रात्रभर घोकलं आणि सकाळी तिच्यासमोर बसलो, तर घाम फुटला, जीभ वळेना. खोटं बोलायलासुद्धा शाळा पुरी व्हायला लागते.

काकी दाऊदचाचांना सांगत होती, ते मी ऐकलं. "मास्तर गेल्यापास्नं इश्राम लई थोडा लिवतो. मास्तरांवं त्याचा जीव व्हता."

* * *

आणि हा शेवटचा.

दिवाळीला तीन आठवडे होते. काकीला आता उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. कंदील मात्र ती तसाच सरळ बांधे. एक दिवस सगळे गेल्यावर ती मागे राहिली. म्हणाली, "सदू, इश्रामला कार्ड लिव."

मी लिहिलं. तिनं सांगितलं तेच लिहिलं, पण त्या दिवशी कोणास ठाऊक कसं, मला सुचत गेलं. तिचे डोळे कसे चाललेत ते लिहिलं. दोन वर्षांचे कंदील खुंटीला आहेत ते लिहिलं, आणि रोज दुपारी बोटीचा भोंगा झाला की ती दाराशी येऊन उभी राहते तेही. मी लिहिलेलं ते पहिलं चांगलं पत्र. वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मास्तरांवाणी लिवलंस रं!"

मग तिनं हात पुढे केला. "कातर दे."

मी कातर दिली. मला वाटलं दोरा कापायचा असेल. तिनं कार्ड मांडीवर घेतलं, अंगठ्यानं कोपरा चाचपला आणि मी शिकवलं होतं तसा, एका घावात तिकोन कापला.

"सरळ आला काय?" तिनं विचारलं.

"सरळ आलाय," मी म्हटलं. "पण काकी, हे कोणी वाचणार नाही. बाहेरच फाडतील."

"फाडूं दे. बाबल वाचून आला व्हता काय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण बाबल चौथ्या दिवशी आला होता, हे मला आठवत होतं. मी ते कार्ड खिशात घालून निघालो आणि पेटीत टाकलं. पोस्टात टाकणारा हात माझा.

चौथ्या दिवशी मी बंदरावर गेलो. बोट आली, होड्या आल्या, दिवाळीची माणसं ट्रंका घेऊन उतरली. बोडक्या डोक्याचं कोणी नव्हतं. पाचव्या दिवशी गेलो. सहाव्या दिवशी गेलो. काकी रोज विचारी, "भरून आली काय बोट?" मी म्हणे, "भरून आली." तात्यांना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "बाबलला बोट चुकली नव्हती, म्हणून चौथ्या दिवशी. याला चुकली असेल."

अठराव्या दिवशी दुपारी पोस्टमन वखारीत आला. सगळे बसले होते, कंदिलांना शेवटचे कागद लागत होते. काकीचा त्या सालचा कंदील सगळ्यांत मोठा होता, तिच्या मांडीत मावत नव्हता. पोस्टमन म्हणाला, "सोनाबाईंचे शेजारी कोण? पत्र आहे. वर 'शेजाऱ्यांस' असं आहे."

"माज्या इश्रामचा?" काकी म्हणाली. "वाच सदू! वाच!"

पाकीट होतं. मी फोडलं. आधी मनात वाचायचं, हे मला आठवत होतं. पण अक्षर दिसलं आणि तोंडातून निघालं.

"शेजाऱ्यांस रामराम. आईचं कार्ड पोचलं. खात्यातून रजा मिळाली नाही, सबब येणं झालं नाही. दिवस इथेच समुद्रावर केले. दहाव्याला पिंड ठेवला तो कावळा लगेच शिवला. उभंसुद्धा राहावं लागलं नाही. आईची काही इच्छा मागे राहिली नव्हती, असं सगळे म्हणाले. त्यामुळे मनाला समाधान आहे. खोलीला कुलूप घालून किल्ली आपल्याकडे ठेवावी. विश्राम."

दाऊदचाचांच्या हातात अर्धी गाठ होती, ती तशीच राहिली. तात्या खळीच्या गडग्यात बघत होते.

काकीची बोटं कंदिलाच्या कोपऱ्यावर होती. ती म्हणाली, "लगीच शिवला?"

"होय काकी."

"त्याला उभा ऱ्हावा न्हाय लागला?"

"नाही."

"बरा झाला," काकी म्हणाली. "उभा ऱ्हायला की पाय सुजतात त्याचे."